विहीणबाईंच्या वडिलांचं मूळ गाव

माझं काम हरवलेली पार्सलं शोधायचं. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात मी बरीच वर्षं हेच केलं, आणि उत्तम केलं. पिनरहून सकाळी गाडीने निघायचं, चहाचे मगावर मग रिचवत फोनवर लोकांच्या हात धुऊन मागे लागायचं, आणि घरी परतायच्या आत एखादा तरी खोका शोधून काढायचा. नव्याने लागलेल्यांना मी एकच गोष्ट शिकवायचे. खोका शेवटचा कुठे दिसला हे सगळेच विचारतात. तुम्ही आधी तो कोणाचा आहे ते विचारा. त्यामुळे विहीणबाईंच्या वडिलांच्या घराचा पत्ता लागत नाही असं कळल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं.

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. इंग्रज, साउथहॅम्प्टनच्या, सत्तरी गाठलेल्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. इंग्रजीत या नात्याला शब्द नाही हे मला मुलाच्या लग्नात कळलं. हॅरोच्या हॉलमध्ये त्या आपल्या नातेवाइकांना माझी ओळख ‘आमच्या मुलीच्या नवऱ्याची आई’ अशी करून देत होत्या, जशी काही मी चार गल्ल्या पलीकडे राहणारी कोणीतरी. मी त्यांना बाजूला घेऊन शब्द शिकवला. विहीण. तुम्ही माझी विहीण, मी तुमची विहीण, पण मी मुलाची आई, म्हणून आज मान माझा आणि माझ्या नाकदुऱ्या काढायचं काम तुमचं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पंगतीत येऊन गंभीर चेहऱ्याने मला जिलेबीचा असा आग्रह केला की माझ्या नणंदा पाहतच राहिल्या. त्या दिवसापासून आमचं जमलं. आम्ही इंग्रजीतच बोलतो, पण मनातल्या मनात मी त्यांना ‘तुम्ही’च म्हणते.

त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी, पंचविशीही झालेली नसताना, साउथहॅम्प्टनला आले. आधी हॉटेलात, मग बोटींवर आणि शेवटी गावातल्या एका बेकरीत केक-पेस्ट्री करणारे कारागीर म्हणून त्यांनी जन्म काढला. डावा हात कोपरात पूर्ण सरळ व्हायचा नाही, त्यामुळे लाटणं फिरवताना त्यांचं कोपर कायम बाहेर निघालेलं असे. देशाबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. विहीणबाई विशीत असताना ते गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, “मला घरी ने.” घर म्हणजे कुठलं ते सांगायला सवड मिळाली नाही. त्यांची राख आधी विहीणबाईंच्या आईने जपली, आई गेल्यावर विहीणबाईंनी. ती त्यांच्याच बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, कपड्यांच्या कपाटात, लोकरी टोप्यांच्या शेजारी होती. तो डबा त्यांनी मला दाखवला. आमच्याकडे अस्थी चार दिवस घरात राहिल्या तरी जीव वर-खाली होतो, आणि इथे या मायलेकींनी त्या माणसाला चाळीसहून जास्त वर्षं कपाटात सांभाळलं होतं.

त्यांनी शोध घेतला नव्हता असं नाही. तेव्हा सगळ्या इंग्लंडला पूर्वज शोधायचं वेड लागलं होतं. टीव्हीवर तेच, लायब्ररीत तेच, नव्याने आलेल्या ब्रॉडबँडवर लोक पणजोबांच्या मागे. विहीणबाईंनीही वडिलांचं जन्मगाव शोधून काढलं. तळ्याकाठचं एक मोठं शहर. तिथे पत्र घातलं, घराण्याची माहिती मागितली. उलट टपाली दोन ओळी आल्या. हे घराणं आमच्या गावचं नाही.

“म्हणजे त्यांनी माझ्या वडिलांना ओळखच दिली नाही,” विहीणबाई मला म्हणाल्या. “काहीतरी घडलं असणार. हाकलून दिलं असणार. म्हणून ते कधी बोलले नाहीत. ते कोणाचेच नव्हते, आणि म्हणून मीही कोणाची नाही.”

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला त्या शहराचा भयंकर राग आला. नंतर लक्षात आलं, शहराने काही चूक केलेलीच नव्हती.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, “अहो, मी शोधते त्यांचं घर.”

“तू जरा स्टे आउट ऑफ इट हं,” तो भाजी वाढून घेत म्हणाला. “दे आर प्रायव्हेट पीपल. स्विस लोकांचे रेकॉर्ड्स म्हणजे काय तुझं पार्सल आहे का?”

“पार्सलच आहे. पत्ता चुकलेलं.”

मुलाचा लगेच दुसऱ्या दिवशी फोन. बाप-लेकांचं गुळपीठ जुनंच. “आई, प्लीज, माझ्या मदर-इन-लॉला असे क्वेश्चन्स नको विचारू. शी गेट्स रिअली अपसेट.”

“अपसेट तर त्या ऑलरेडी आहेत,” मी म्हटलं. “तू वकील लागून गेलास का त्यांचा? ठेव फोन.”

आता माझ्या आत्मविश्वासाचं कारण सांगते. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढणारे माझे एक काका होते. कोण कोणाचा मुलगा, कुठली शाखा कुठे गेली, असली माहिती जमवत ते गावोगाव फिरायचे, आणि कॉलेजच्या सुट्यांत त्यांची पिशवी धरायला मी असायचे. आडनाव आमचंच, पण आपण मूळचे कुठले हे अजिबात ठाऊक नाही, अशी कुटुंबं बरीच भेटायची. जन्म इंदूरचा, नोकरी बेळगावला, आजोबा बडोद्याचे. काका त्यांना जन्मगाव विचारायचेच नाहीत. ते विचारायचे, घरात कुळाचार काय? नवरात्रात नैवेद्य कशाचा? वर्षातून असा कोणता दिवस आहे की त्या दिवशी तुमच्याकडे काहीतरी होतं आणि शेजाऱ्यांकडे होत नाही? माणसं गाव विसरतात, पण पुरण वाटायचं का नाही हे विसरत नाहीत. त्या एका धाग्यावरून काका दैवत काढायचे, दैवतावरून गाव, आणि गावात गेलं की देवळापाशी बसलेला कोणीतरी पुढचं सांगायचाच.

तर एका शनिवारी मी साउथहॅम्प्टनला गेले, विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं आणि विचारलं, “वडील वर्षातून कोणत्या दिवशी कामावर जायचे नाहीत?”

“नाताळ,” त्या म्हणाल्या.

“नाताळला सगळेच जात नाहीत. फक्त तेच जात नसत, असा दिवस?”

त्या आठवून म्हणाल्या, “ऑक्टोबरमध्ये एक रविवार असायचा. बेकरीत काम कितीही असो, त्या दिवशी ते घरी. स्वच्छ शर्ट, टाय, आणि वर एप्रन. सकाळपासून मधाची बिस्किटं करायचे. आई म्हणायची, त्यांना आज एकटं सोड. मला वाटायचं त्यांच्या आईचा वाढदिवस असेल.”

“दर वर्षी तीच तारीख?”

“नाही. तोच रविवार. तारीख बदलायची.”

मी टेबलावर हात आपटला. वाढदिवस रविवार बघून येत नाही. “बिस्किटं साधी की त्यांच्यावर काही छाप?”

त्या उठल्या आणि खालच्या खणातून लाकडाचा एक साचा काढून आणला. हाताने कोरलेला, तुपाने काळा पडलेला. देवदाराचं झाड, त्याखाली गळ्यात घंटा बांधलेला बोकड.

“विहीणबाई,” मी म्हटलं, “ही जत्रा आहे. तुमच्या वडिलांच्या गावची जत्रा. माणूस साउथहॅम्प्टनमध्ये टाय बांधून एकट्याने जत्रा साजरी करत होता.”

त्यांचा विश्वास बसला नाही. मला फरक पडला नाही. मी साच्याचा फोटो काढला, पिनरला आल्यावर इंटरनेटवर स्विस पूर्वज शोधणाऱ्या मंडळींच्या पानावर टाकला आणि खाली त्यांच्या वडिलांचं आडनाव देऊन लिहिलं, ऑक्टोबरच्या अमुक रविवारी कोणत्या गावची जत्रा असते? उत्तरं काय एकेक आली! एकाने बोकड म्हणजे अस्वलच आहे असं ठासून सांगितलं. एका अमेरिकन बाईने मला आपल्या पणजीची सगळी कर्मकहाणी ऐकवली. मी रोज स्लाऊहून आले की आधी कॉम्प्युटर लावायचे आणि मग कुकर. नवरा म्हणायचा, “बोकड काय म्हणतोय?”

एक दिवस बोकड बोलला. डोंगरातल्या एका लहानशा गावच्या पंचायतीत काम करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं. चांगल्या इंग्रजीत. हे आमच्या गावचं चिन्ह, आणि जत्रा आमचीच. या आडनावाचं घराणंही आमचंच. मी त्यांना त्या शहराच्या पत्राबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी जे समजावून दिलं ते वाचून मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक माणसाला एक मूळ गाव असतं. ते बापाकडून येतं. तुम्ही जन्मा कुठेही, राहा कुठेही, तुमचं घराणं त्या मूळ गावचं, आणि घराण्याची सगळी नोंद त्या गावात. पासपोर्टवरसुद्धा जन्मगाव छापत नाहीत, मूळ गाव छापतात; पण वडिलांचा पासपोर्ट मागे उरलाच नव्हता. शहराने खरं तेच कळवलं होतं. हे घराणं आमचं नाही, म्हणजे दुसऱ्या कोणत्यातरी गावचं आहे. हाकललं वगैरे काही नाही.

इंग्रज माणसाला हे कसं सुचावं? त्याच्या दृष्टीने जिथे जन्मला तिथला. पण मी? माझा जन्म ठाण्याचा आणि घर पिनरला, तरी गाव कोणतं विचारलं तर जिथे मी उन्हाळ्याच्या सुटीपलीकडे कधी राहिले नाही त्या गावाचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडतं. साऱ्या युरोपात आमच्यासारखी खोड असलेले लोक सापडले याचा मला एवढा आनंद झाला की मी नवऱ्याला हाक मारून म्हटलं, “अहो, हे स्विस लोक आपल्यातलेच आहेत!”

“मग पुढच्या वर्षी हळदीकुंकवाला बोलाव,” तो म्हणाला. पण उठून स्क्रीनपाशी आला आणि दोनदा वाचून गेला.

मला वाटलं होतं तितका आनंद विहीणबाईंना झाला नाही. फोनवर म्हणाल्या, “आणि तिथेही नाही म्हणाले तर? एकदा ऐकलंय मी ते. पुन्हा ऐकायचं वय नाही माझं.” मी म्हटलं, नाही म्हणणार नाहीत, मी सांगते ना. तरी हो-नाही करत उन्हाळा गेला. शेवटी मीच विमानाची दोन तिकिटं काढली, जत्रेच्या आदल्या दिवशीची. राखेचा डबा घेऊन जायला कोणते कागद लागतात ते विचारून घेतलं. विमानतळावर डबा त्यांनी मांडीवर धरला होता आणि साचा माझ्या पिशवीत होता.

गावात पोचलो तर पंचायतीच्या बाई स्टेशनवर घ्यायला आलेल्या. त्यांनी सुटीच्या दिवशी कचेरी उघडली आणि वडिलांचं नाव दाखवलं. आजोबांचं, पणजोबांचंही. आजोबा तरुणपणी पाव भाजायला शहरात गेले, म्हणून वडील तिथे जन्मले. मी विहीणबाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

“कागदावर आहेत,” त्या म्हणाल्या. “कागदावर मी टीव्हीचं लायसन्स देणाऱ्या कचेरीतही आहे.”

मग त्यांना आजोबा-पणजोबांच्या कबरी बघायच्या होत्या. पंचायतीच्या बाई जरा घुटमळल्या. त्यांच्याकडे कबर एका पिढीपुरती ठेवतात, पुढे दगड काढून ती जागा दुसऱ्यांना देतात. चर्चमागे नीट राखलेली फुलं होती, पण त्या आडनावाचा एकही दगड नव्हता. विहीणबाईंचा चेहरा उतरला. इंग्रज माणसाला दगड लागतो. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नाही, आम्ही तर मागे काहीच ठेवत नाही, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी जत्रा. चर्चसमोरच्या पटांगणात पाळणे, सॉसेजचा धूर, पितळी वाद्यांचा बँड, आणि एका टेबलावर बिस्किटांच्या राशी. प्रत्येक बिस्किटावर झाड आणि बोकड. मी एक घेऊन विहीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वास घेतला, एक तुकडा खाल्ला आणि त्यांचे डोळे भरून आले. पण डबा काही त्यांनी खाली ठेवला नाही. बाकावर बसून राहिल्या.

“मी त्यांना परत घेऊन जाणार,” त्या म्हणाल्या. “बिस्कीट तेच आहे, मान्य. पण बघा ना चौफेर. सगळी अनोळखी माणसं. परक्यांत सोडून जाऊ का मी त्यांना? कपाटात निदान मी तरी होते.”

माझा सगळा शोध बरोबर आला होता, खूण न् खूण जुळली होती, आणि पार्सल दारापर्यंत आणूनही घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं. आपण या बाईला उगाच डोंगरात ओढत आणलं, असं वाटून मी फार ओशाळले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. नव्वदीचा असेल. हातात काठी, अंगावर भरतकाम केलेला जत्रेचा सदरा. तो बराच वेळ विहीणबाईंकडे पाहत होता. शेवटी त्याने काठी जमिनीवर टेकली आणि काहीतरी विचारलं. पंचायतीच्या बाई हसल्या. “आमच्याकडे पोरांना असं विचारतात,” त्या म्हणाल्या. “तू कोणाची?”

आमच्या गावातही उन्हाळ्यात पोचलं की ओट्यावरून हीच हाक यायची. कोणाची गं तू? नाव कोणी विचारायचं नाही. आधी कोणाची ते सांगायचं, मग पाणी मिळायचं.

विहीणबाईंनी वडिलांचं नाव सांगितलं. मोठ्याने, शाळेत सांगतात तसं. म्हातारा विचारात पडला. मग त्याने पंचायतीच्या बाईंना काही म्हटलं आणि आपलं डावं कोपर वाकडं करून दाखवलं.

“ते विचारतायत, ओढ्यापलीकडच्यांचा का? शहरातून जत्रेला यायचा, मोठ्या पोरांतला. नासपतीच्या झाडावरून पडला आणि हात मोडला. नीट बसलाच नाही तो.”

विहीणबाई उभ्या राहिल्या. “डावा,” त्या म्हणाल्या. “डावा हात.” आणि आपलंही कोपर त्यांनी तसंच बाहेर काढून, नसलेलं लाटणं हवेत फिरवून दाखवलं. म्हाताऱ्याने मान हलवली. तो पुढे जे म्हणाला ते बाईंनी आम्हाला सांगितलं. “आला का तो? फार उशीर केला.”

विहीणबाई रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडले, मला त्याची लाज नाही.

दुपारी आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. म्हातारा काठी टेकत, पंचायतीच्या बाईंच्या आधाराने, आमच्याबरोबर आला. घर कधीच पाडलं होतं. नासपतीचं ते झाडही नव्हतं, दुसरं होतं, तरणं. राख तिथे सोडायला कुणाची हरकत नव्हती, ते बाईंनी आधीच पाहिलं होतं. विहीणबाईंनी डबा स्वतः उघडला आणि झाडाच्या बुंध्याशी हळूहळू रिकामा केला. मग त्यावर बोकडाचं एक बिस्कीट ठेवलं. मी हात जोडले. खाली पटांगणात बँड वाजत होता. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो रुमालाने पुसला, झाकण लावलं आणि माझ्या पिशवीत टाकला. हातात धरून ठेवला नाही.

म्हातारा तोवर कुंपणापाशी लाकडी ओंडक्यावर बसला होता. विहीणबाईंचं झालं तसं त्याने काठीचं टोक माझ्याकडे केलं आणि तोच प्रश्न विचारला. आता तो मला भाषांतराशिवाय कळला. आणि ही कोणाची?

सगळ्या जगाला हा प्रश्न विचारत फिरणारी मी, उत्तर कुठून सुरू करावं तेच मला कळेना. ठाणं, पिनर, सुटीतलं गाव, यांतलं त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं? एवढ्यात विहीणबाईंनी माझा हात धरला.

“ही माझी,” त्या म्हणाल्या. मग क्षणभर आठवून, एकेक अक्षर जपून, मराठीत म्हणाल्या, “विहीण.”

पंचायतीच्या बाई याचं भाषांतर काय करावं म्हणून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हाताऱ्याला त्याची गरज पडली नाही. तो ओंडक्यावर जरा सरकला आणि आम्हा दोघींना बसायला जागा करून दिली.